प्रोस्पेरोला घरी आणण्याचा बेत

कानियो लातोर्राकानं जन्मभर लोकांना इटलीभर हिंडवलं, आणि स्वतः म्हातारा होईस्तोवर नेपल्सच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नाही. रोक्कालुपोच्या स्टेशनात तो चौतीस वर्षं तिकीट खिडकीत बसला. गाव वर डोंगरावर, स्टेशन खाली दरीत, मध्ये नऊ किलोमीटरची वळणं. त्यामुळे गाडी चुकलेला माणूस दिवसभर माझ्या कॉफीच्या दुकानात अडकायचा. दुकान स्टेशनच्या भिंतीला लागूनच आहे, म्हणून कानियोचं सगळं मी जवळून पाहिलं. मी सांगते ते ऐकीव नाही.

उत्तरेकडे कामाला निघालेल्या माणसाला तो नुसतं तिकीट देऊन मोकळा होत नसे. चौकटीच्या कागदावर अख्खा प्रवास लिहून देई. बात्तिपाल्याला गाडी बदला, पण जिना उतरू नका, दुसरी गाडी त्याच फलाटावर येते. रोमला चाळीस मिनिटं आहेत, तरी बाहेर कॉफी प्यायला जाऊ नका. ओर्तेला फलाटाच्या टोकाला नळ आहे, पाणी गार असतं. बोलोन्यानंतर डाव्या हाताला बसा, ऊन लागत नाही. मी त्याला चिडवायची, "कोंपारे, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता." तो शांतपणे विचारी, "शेळ्या पोचतात ना, कोमारे?" पोचायच्या, ते मात्र खरं. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून तिला त्यानं हातावर धरलं होतं. तेव्हापासून तो माझा कोंपारे आणि मी त्याची कोमारे. आमच्याकडे या नात्याला रक्ताच्या नात्याहून वरचा पाट असतो, आणि भांडतानासुद्धा एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायचं असतं.

त्याला एकच भाऊ होता, सहा वर्षांनी धाकटा, प्रोस्पेरो. एकोणीसशे त्रेसष्टमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो बोगदे खणणाऱ्या टोळीबरोबर गेला. कानियो तेव्हा खिडकीत नवाच होता. भावाचं तिकीट त्यानंच काढून दिलं, तेही फक्त जाण्याचं. त्यांची आई फलाटावर उभी होती. गाडी वळणाआड गेल्यावर ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "पाठवलंस तू. आणायचंही तूच." हे तिनं पुढं अठरा वर्षं ऐकवलं, मरताना तर माझ्यादेखत ऐकवलं. गावच्या दफनभूमीच्या भिंतीत एका कोनाड्यात तिला ठेवलंय, तिच्या शेजारचा कोनाडा प्रोस्पेरोसाठी रिकामा ठेवला होता.

प्रोस्पेरोची पत्रं यायची. आधी ओर्तेहून, मग कियुसीहून, आरेत्सोहून, प्रातोहून, प्याचेन्साहून, आणि शेवटी तोरिनोजवळच्या कासाल्बेर्ताहून. तिथं तो पत्रे कापायच्या कारखान्यात चिकटला आणि तिथलाच झाला. लग्न केलं नाही. दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये तो तिथंच गेला. कानियो त्याला माती द्यायला गेला नाही. गुडघे दुखतात म्हणाला. गावात लोक काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यात मीही थोडं बोलले होते.

आमच्या देशात मेलेल्यालाही जमीन मुदतीवरच मिळते. साधी जागा घेतली असेल तर दहा वर्षांनी उकरतात, हाडं काखेत मावेल एवढ्या पत्र्याच्या पेटीत भरतात आणि घरच्यांच्या हवाली करतात. घरचं कोणी आलं नाही तर सगळ्यांची मिळून एक खोल विहीर असते, तिच्यात सोडतात. दोन हजार चौदाच्या मे महिन्यात कानियोला कासाल्बेर्ताच्या नगरपालिकेचं पत्र आलं: चौदा ऑक्टोबर, सकाळी नऊ, नातेवाइकांनी हजर राहावं.

पत्र घेऊन तो तडक माझ्याकडे आला. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता, बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी सदुसष्टची, माझा नवरा गाएतानो नुकताच गेलेला. कानियोनं कोपऱ्यातल्या टेबलावर चौकटीचे कागद पसरले, आणि ते टेबल ऑक्टोबरपर्यंत काही मला परत मिळालं नाही.

बेत असा होता. जाताना रेल्वेनं जायचं, आणि प्रोस्पेरो जिथं जिथं राहिला तिथं तिथं उतरायचं. पाच गावं आणि शेवटी कासाल्बेर्ता. वेगवान गाड्यांचं नावसुद्धा काढायचं नाही, कारण त्या अशा गावांना थांबत नाहीत. येताना मात्र भाड्याची मोटार. ती तोरिनोला घ्यायची आणि आमच्या जवळच्या पोतेन्सात परत द्यायची. मी म्हटलं, पेटी एवढीशी, कागदपत्रं असली की रेल्वेतही कोणी अडवणार नाही, मग मोटारीचा खटाटोप कशाला. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, रेल्वेत माणूस तिकिटावर जातो आणि सामान पावतीवर, प्रोस्पेरो या दोन्हींत बसत नाही. "वरच्या फळीवर ठेवू का त्याला, कोमारे? लोकांच्या छत्र्यांशेजारी?" मी मोटारीला हो म्हटलं.

मोटार मी चालवायची, कारण त्याच्याकडे परवानाच नव्हता. भाड्याच्या मोटारीला चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, म्हणून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी बँकेत जाऊन ते काढलं. बँकेतला कारकून हसला आणि म्हणाला, "या वयात मधुचंद्र का, दोन्ना ओर्तेन्सिया?" मी त्याला त्याच्या आईची तब्येत विचारली, तेव्हा त्यानं फॉर्म पुढं सरकवला. गावातही अशा कोपरखळ्या चालूच होत्या. कानियोच्या कानावर त्या जात नव्हत्या. कोणत्या शहराच्या जुन्या भागात बाहेरच्या मोटारी शिरल्या की कॅमेरा टिपतो, ते रस्ते तो लाल पेन्सिलीनं रंगवत बसला होता.

परतीच्या तीन रात्री पेटी कुठं ठेवायची, हा त्याला पडलेला सगळ्यात मोठा प्रश्न. मोटारीच्या डिकीत नाही, आणि हॉटेलच्या खोलीतही बरं दिसत नाही. म्हणून त्यानं वाटेवरच्या गावांतल्या पाद्रींना फोन केले, की माझ्या भावाला एक रात्र देवळात ठेवाल का. एकाला वाटलं कोणी थट्टा करतंय, त्यानं फोन आपटला. दुसऱ्यानं आपणहून मेणबत्ती लावायचं कबूल केलं. कानियोनं त्याचं नाव दोनदा अधोरेखित केलं.

इकडे गावातही तयारी झाली. कोनाडा साफ केला, संगमरवरावर प्रोस्पेरोचं नाव कोरून घेतलं. आमच्या बायका हाडं वाइननं धुतात आणि पांढऱ्या तागात गुंडाळतात, म्हणून शेजारच्या लुचेत्तानं चादर शिवली, कडेला बारीक टाके घालून. परतल्या दिवशी कानियोच्या घरी कोणी काय शिजवून न्यायचं तेही ठरलं. सतरा तारखेला दुपारी चार वाजता घंटा. "कोंपारे, आधी हाती तर येऊ द्या," असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला, आपल्या मातीत माणसाची हाडं आठ वर्षांत मोकळी होतात, तिथं तर दहा झालीत. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही.

पाच ऑक्टोबरला आम्ही निघालो. नेपल्स मागं पडलं तसा कानियो ताठ बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर खिडकीबाहेर, आणि प्रत्येक स्टेशन यायच्या आधी ओठांत त्याचं नाव. ओर्तेला उतरल्यावर पहिल्यांदा तो फलाटाच्या टोकाला गेला. तिथं नळ नव्हता. फलाट झाडणाऱ्या माणसानं सांगितलं, तो काढून तीसेक वर्षं झाली. कानियो बराच वेळ त्या सपाट भिंतीसमोर उभा राहिला. मग मला म्हणाला, "मी किती जणांना इथं पाण्याला पाठवलं असेन?" मला हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा बघून ते आलं नाही.

कियुसी, आरेत्सो, प्रातो. पत्रांवरचे पत्ते तो विचारत विचारत शोधून काढायचा. कुठं घर पाडलेलं, कुठं मोटारींचा गाळा झालेला. प्रातोला त्या जागी चिनी माणसांचा शिवणकामाचा कारखाना होता. आतल्या बाईला आमच्या बोलण्यातलं काही कळलं नसेल, तरी तिनं कानियोला बसायला खुर्ची दिली, आणि वीस मशिनींच्या खडखडाटात तो दहा मिनिटं डोळे मिटून बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, याला मी एकदाही भेटायला आलो नाही. मी म्हटलं, आता आलात. तो म्हणाला, हो, आता आलो. पण ते म्हणण्यात समाधान नव्हतं.

प्याचेन्साला मात्र घोडं अडलं. सकाळी स्टेशनावर मी बॅगा घेऊन उभी, आणि हा म्हणतो, इथं अजून एक दिवस राहू, ज्या चौकात प्रोस्पेरो जेवायचा तो नीट पाहिला नाही. मी त्याला फैलावर घेतलं. चौदा तारीख आपल्यासाठी थांबणार आहे का, आईला काय शब्द दिला होता, असं बरंच बोलले. तो खाली बघून म्हणाला, "कोमारे, मला भीती वाटते." कसली ते मी विचारलं नाही. दंडाला धरून गाडीत चढवलं. ते विचारलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तेराला संध्याकाळी तोरिनोत मोटार घेतली, चौदाला धुक्यातून कासाल्बेर्ता गाठलं. खणणारा माणूस साव्हेरियो, कालाब्रियाकडचा, म्हणजे आमच्याच दक्षिणेकडचा. कानियोला तो 'काका' म्हणू लागला आणि बसायला उपडी बादली दिली. माती चिकट होती, फावड्याला धरून राहत होती. तासाभरानं फावडं कशावर तरी वाजलं, आणि तो आवाज लाकडाचा नव्हता.

साव्हेरियोनं वर बघून विचारलं, "याला जस्ताच्या पेटीत कोणी घातला?"

कानियो म्हणाला, "मी."

साव्हेरियोनं आम्हाला दूर उभं केलं, आत उतरून बघितलं, आणि वर आल्यावर बराच वेळ हातच पुसत राहिला. मग सांगितलं, "काका, हा अजून तयार नाही. वरून भोकं पाडली होती नियमाप्रमाणं, पण ही माती अशी, आणि आत जस्त. हवा नाही, पाणी नाही. पत्रा फाडून परत पुरावा लागेल. पाच वर्षं."

तिथंच बादलीवर बसून कानियोनं मला सगळं सांगितलं. प्रोस्पेरो गेला तेव्हा त्याला तसाच घरी आणायचं कानियोनं ठरवलं होतं. लांबच्या प्रवासाला आत जस्त लावलेली पेटी लागते, म्हणून ती सांगितली, शववाहिकाही ठरवली. फक्त घरच्या माणसानं येऊन सही करायची आणि बरोबर यायचं, एवढंच बाकी होतं. तो तीन दिवस बॅग घेऊन फलाटावर आला आणि तिन्ही दिवस गाडी त्याच्यासमोरून निघून गेली. चौतीस वर्षं लोकांना गाडीत बसवलं, पण स्वतःचा पाय काही उचलला गेला नाही. तिकडच्या लोकांनी आठ दिवस वाट बघितली आणि शेवटी त्याच पेटीत प्रोस्पेरोला मातीत घातलं.

"घरी न्यायची पेटी होती ती, कोमारे," तो म्हणाला. "तिनंच अडकवला."

ते तीन दिवस मी त्याला दुकानाच्या दारातून पाहिलं होतं. बॅग पाहिली होती. कॉफी नेऊन दिली, कप परत आणला, आणि आत येऊन गाएतानोला म्हटलं, कानियोचं डोकं फिरलंय. एवढ्या जवळून पाहून मी त्याला गाडीत ढकललं नाही.

साव्हेरियोनं पत्रा फाडला, माती परत लोटली. कानियोनं मूठभर टाकली. त्याच्या वाट्याची दहा वर्षांपूर्वीची मूठ ती. आणि मग तो मला म्हणाला की मोटार तुम्ही घेऊन जा, मी इथंच राहतो. मी त्याला वेड्यात काढलं, थंडीची भीती घातली, इथं तुमची बोली कोणाला कळणार नाही म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी त्याला दहा वर्षं ताटकळत ठेवलं," तो म्हणाला. "आता पाच वर्षं मी थांबलो तर काय बिघडलं?"

साव्हेरियोच्या बायकोच्या ओळखीनं दफनभूमीपासून दोन रस्त्यांवर एक खोली मिळाली. कानियोची बॅग मी तिथं पोचवली आणि एकटीच परतले. ज्या पाद्रीनं मेणबत्ती कबूल केली होती, त्याच्या देवळाशी थांबून त्याला सांगितलं की पाहुणा येत नाही. त्यानं मला सूप पाजलं. सतरा तारखेला चार वाजता गावच्या दफनभूमीच्या दाराशी बायका उभ्या होत्या, लुचेत्ताच्या हातावर चादर होती, आणि मी मोकळ्या मोटारीतून उतरले. सांगायला फार वेळ लागला नाही. त्या दिवशी शिजवलेलं सगळं अन्न लोकांनी माझ्या घरी आणून ठेवलं. मीही नाही म्हटलं नाही, कारण घरात कोणी मेल्यासारखंच झालं होतं.

दर रविवारी कानियोचा फोन येई. रोज सकाळी भावाकडे जाऊन येतो, दुपारी कालाब्रियाच्या म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळतो, तिकडच्यांसारखा भात खातो पण पोट भरत नाही, असं काहीबाही. जन्मात प्रथमच त्यानं आठवडाभर न वितळणारं बर्फ बघितलं आणि त्यावर तक्रार केली. हसायचा. गावात असताना तो इतका हसत नसे. त्यानं तिथल्या नगरपालिकेत आपलं नावही नोंदवलं, आणि प्रोस्पेरोच्या कागदावर आपल्या पश्चात म्हणून माझं नाव घातलं. ते मी मनावर घेतलं नव्हतं.

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियानं गेला. पाच वर्षांतली अडीचसुद्धा पुरी झाली नव्हती. तिथला रहिवासी म्हणून कासाल्बेर्तानं त्याला जागा दिली, अकराव्या ओळीत, भावापासून चाळीस पावलांवर. साध्या लाकडाची पेटी घ्या, असं त्यानं साव्हेरियोला आधीच बजावून ठेवलं होतं. मी वेगवान गाडीनं गेले, माती दिली आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

मग दोन हजार एकोणीसचा ऑक्टोबर. पत्र माझ्या नावानं आलं. लुचेत्तानं चादर कपाटातून काढून धुतली, इस्त्री केली. मी बहात्तर वर्षांची होते, तोरिनोपर्यंत सरळ गेले, कुठं उतरले नाही, तिथं मोटार घेतली. या वेळी प्रोस्पेरो तयार होता. साव्हेरियोनं एक एक हाड हातानं पुसून पेटीत ठेवलं आणि झाकण लावण्याआधी विचारलं, मोटार दारापर्यंत आणता का.

मी त्याला विचारलं, अकराव्या ओळीची मुदत कधी. तो म्हणाला, दोन हजार सत्तावीस. तेव्हा मी ऐंशीची होईन, म्हणजे झाले तर. माझी मुलगी जर्मनीत, धर्मपित्यासाठी ती इतक्या लांब येईल असं छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटेना. लातोर्राकांमध्ये तर आता कोणीच उरलेलं नाही. "कोणी आलं नाही तर?" मी विचारलं. त्यानं कोपऱ्यातल्या लोखंडी झाकणाकडे हात केला.

मी त्या झाकणाशेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसले. प्रोस्पेरोला नेलं तर तो आईशेजारी निजेल, आणि त्याच्यासाठी घर सोडून इथं आलेला माणूस आठ वर्षांनी एकटा त्या विहिरीत जाईल. इथंच सोडला तर आईचा शब्द कायमचा मोडला. दोघांना नेणं माझ्या हातात नव्हतं. मी रडले, चांगली हमसून रडले, आणि साव्हेरियो शेजारी उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला.

शेवटी मी त्याला सांगितलं, "याला इथंच सोड. मागून येणारा आहे."

त्यानं दोनदा विचारून खात्री केली. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि सही केली. विहिरीत पेटी सोडत नाहीत, नुसती हाडंच सोडतात. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

मोकळी मोटार घेऊन मी दुसऱ्यांदा रोक्कालुपोला आले. दाराशी या वेळी लुचेत्ता एकटीच होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आठ वर्षांनी का होईना, भावाजवळ भाऊ जाईल, म्हणून ठेवला. तिनं मान हलवली, चादरीची घडी परत घातली. मग विचारलं, "आणि आईजवळ कोण?"